कागदी बेत आणि संगणकावरील रेषा
(ऊर्जानगर येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही 'संस्कार' या विषयावर बोलावे, अशी चिटणिसांची सूचना होती. तो विषय या व्यासपीठावरून आम्ही यापूर्वी तीन वेळा हाताळला असल्याने श्रोत्यांवर दया करून आज दुसराच विषय घेतला आहे. आमच्या पाठीमागे जो फलक लावला आहे, त्यावरील आपल्या मंडळाच्या बोधचिन्हाविषयी आम्ही बोलणार आहोत. मध्ये नामदेवरायांची वीणा आणि तिच्या भोवती सुईदोऱ्याचे वर्तुळ, असे हे चिन्ह आपण सर्वजण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

गतवर्षीच्या मेळाव्यात याच चिन्हाची जी अवस्था झाली, ती आपणांस स्मरत असेल. वीणेचा भोपळा तेवढा ओळखू येत होता. तारा आणि सुई यांचा मागमूसही नव्हता. मुले हसली. आम्हांस मुद्रकाचा राग आला. परंतु पुढे चौकशी करता असे आढळले की, त्या बिचाऱ्याचा काहीच अपराध नव्हता. आम्हीच त्यास मंडळाच्या जुन्या पत्रावरील एक इंचाचे चिन्ह स्कॅन करून पाठविले होते. असे चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची चौकट होय. इंचास ३०० ठिपके या हिशेबाने एका ओळीत ३०० आणि एकंदर ९०,००० ठिपके झाले. तेच चिन्ह ३ फूट रुंद करावयाचे म्हणजे ३६ इंचांतही ते ३०० ठिपकेच पसरावयाचे. प्रत्येक ठिपका सुमारे ३ मिलिमीटरचा झाला. सुईची रेघ त्यात कोठून दिसणार? मूळ चित्र ज्यांनी काढले ते गृहस्थ आज हयात नाहीत, आणि त्यांचा मूळ कागद कोणापाशीही सापडला नाही.

चित्र साठविण्याची दुसरी एक रीत आहे. तिला छपाईच्या धंद्यात व्हेक्टर असे म्हणतात. गणिताच्या पुस्तकात या शब्दास 'सदिश' असा प्रतिशब्द आहे, पण तो उच्चारताच मुले आजारी पडत असल्याचा आमचा अनुभव असल्याने आम्ही तो येथे वापरीत नाही. या रीतीत ठिपके साठवीत नाहीत. रेघ कोठून निघाली, कोणत्या अंगाने वळली आणि कोठे थांबली, एवढेच लिहून ठेवतात. आकार लहान करा वा मोठा करा, संगणक तेवढ्याच सूचनांवरून रेघ नव्याने आखतो. म्हणून ती अंगठीवर आणि कमानीवर सारखीच रेखीव उतरते.

हे ऐकून आम्हांस आमच्या वडिलांची आठवण झाली. मूल येथील आमच्या लहानशा दुकानात भिंतीवरील खिळ्यास कागदी बेत टांगलेले असत. बाबांनी शिवलेला सदरा गिऱ्हाईक घेऊन जाई. बेत खिळ्यावर राही. मुंढा आखताना ते छातीच्या मापावरून दोन-तीन ठिकाणी खडूची खूण करीत आणि त्या खुणांमधून एकाच हाताने वळण काढीत. बापाच्या बेतावरून मुलाचा सदरा बेतताना खुणा तेवढ्या आत सरकत. वळणाची रीत तीच राही. बंधूंनो, संगणकावरील रेषा हीच नव्हे काय?

संगणकावर खडूच्या खुणेस 'नोड' म्हणतात. दोन नोडांच्या मध्ये रेघ असते, आणि प्रत्येक टोकास एक अदृश्य दांडी असते. तिला 'हँडल' म्हणतात. दांडी ज्या दिशेस ओढावी त्या दिशेने रेघ निघते, आणि दांडी जितकी लांब तितका वेळ ती त्या दिशेची ओढ सोडीत नाही. दोन टोके आणि दोन दांड्या, असे चार बिंदू झाले की वळण पुरे होते. या वळणास पिएर बेझिए या फ्रेंच अभियंत्याचे नाव आहे. रेनो या मोटारींच्या कारखान्यात त्यांनी १९६० च्या दशकात ते गाडीच्या पत्र्याचे आकार आखण्यासाठी वापरले. तत्पूर्वीच, १९५९ मध्ये, सित्रोएन या दुसऱ्या कारखान्यातील पॉल द कास्तल्जो यांनी हेच गणित सोडविले होते. पण त्यांच्या कारखान्याने ते गुप्त ठेवले आणि नाव दुसऱ्याचे झाले. कला झाकून ठेवणाऱ्या कारागिरांनी याचा विचार करावा. गंमत अशी की, या वळणाने पुरते वर्तुळ कधीच निघत नाही. चार तुकडे जोडले असता दहा हजारांत तीन भागांहूनही कमी फरक राहतो, आणि तो डोळ्यास दिसत नाही.

आपण संगणकावर वाचतो ती अक्षरेही अशाच वळणांची असतात. रघुनाथ कृष्ण जोशी या थोर अक्षरकाराने 'मंगल' हा देवनागरी टंक घडविला आणि तो विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचला. त्यातील प्रत्येक अक्षराची कडा एकदाच बिंदूंनी बांधली आहे. त्याच बिंदूंवरून ते तळटीपेतही उमटते आणि मथळ्यातही.

आता आपल्या चिन्हाकडे येऊ. ते नव्याने रेखाटण्याचे काम सभेने आपल्या एका सभासदाच्या कन्येकडे सोपविले. ती आईजवळ बेतणे शिकली असून चंद्रपुरात एका संगणकाच्या दुकानात निमंत्रणपत्रिका करते. तिने प्रथम 'ट्रेस' ही आज्ञा दिली. संगणकाने आपोआप रेघा काढल्या खऱ्या, पण एवढ्याशा वीणेत शेकडो नोड पडले आणि कडा कुरतडल्यासारखी झाली. डागालाही तो यंत्रगडी रेघच समजतो! मुलीने ते सारे पुसले. जुने चित्र खाली ठेवून भोपळ्यास केवळ सहा नोड दिले आणि हँडले ओढून वळण बसविले. आम्ही शेजारी बसलो होतो. "इतक्या थोड्या खुणांत कसे भागते, बाई?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, मुंढ्याला खुणा जास्त केल्या की कात्री अडखळते."

यानंतर जे घडले ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. चिन्हाखालील मंडळाचे नाव आम्हीच तपासून दिले होते. 'समिती' या शब्दात 'मि' दीर्घ पडला होता, आणि अडतीस वर्षे मुलांच्या वह्यांवर तांबडी शाई चालविणाऱ्या आमच्या नजरेतून तो निसटला. फलकावर तो वितभर उंचीचा दिसला. दुरुस्ती टंक करून होईना. दुसऱ्या दुकानात तोच टंक नसला तर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. म्हणून छपाईस देण्यापूर्वी अक्षरांचे 'कर्व्ह' करण्याची चाल आहे. कर्व्ह केले की अक्षर हे अक्षर राहत नाही, ते चित्र होते. मुलीने दीर्घ वेलांटीचे नोड काढून तेथे ऱ्हस्व वेलांटी रेखाटून बसविली. अक्षरे जिवंत असलेली एक प्रत आणि कर्व्ह केलेली एक प्रत, अशा दोन प्रती ठेवाव्यात, हा धडा आम्ही या वयात शिकलो.

मोबदल्याचा प्रश्न निघाला तेव्हा "घरचीच मुलगी, पैसे कसले?" असे सभेत प्रथम आम्हीच म्हणालो, हेही सांगितले पाहिजे. तिची आई उठून म्हणाली, "घरचे म्हणून तुम्ही सदरा फुकट शिवून घेता का?" आमच्या वडिलांकडून समाजातील मोठ्या मंडळींनी असेच पुष्कळ कपडे शिवून घेतले होते, आणि त्याची उधारी त्यांच्यामागे आम्ही वहीत पाहिली होती. आम्ही खाली बसलो. मुलीस बाजारभावाने पैसे देण्यात आले.

आपल्या तरुणांनी या धंद्याकडे लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते. तयार कपड्यांनी आपली दुकाने ओस पाडली. १९८३ मध्ये येथील वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला, तेव्हा वसाहतीत नोकऱ्या होत्या. आता प्रत्येक घरास तो आधार पुरणारा नाही. उलट वडशाच्या नाटकमंडळ्यांना दिवाळीपासून होळीपर्यंत फलक लागतात. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या तर बारमाही आहेत. दुकानांतून चालणारे कोरल ड्रॉ विकत घ्यावे लागते. पण २००३ पासून निघालेले इंकस्केप विनामूल्य आहे, आणि ते ज्या एसव्हीजी रूपात चित्र साठविते ते २००१ पासून सर्वमान्य आहे. पुढे कोणतेही दुकान बंद पडले तरी ते उघडता येईल.

चिन्हाच्या दोन्ही प्रती आता मंडळाच्या लोखंडी पेटीत इतिवृत्ताच्या वहीजवळ ठेवल्या आहेत, आणि आणखी एक संच कोषाध्यक्षांच्या घरी आहे. ज्यांस पत्रिकेसाठी वा फलकासाठी चिन्ह हवे असेल, त्यांनी वहीत सही करून नक्कल न्यावी; छायाचित्र काढून नेऊ नये. रविवारी दुपारी ज्ञातिगृहात ती मुलगी शिकविण्यास तयार आहे. तिचे शुल्क ठरले आहे. नावे चिटणिसांकडे द्यावीत.