विमानाचे पोट आणि मजुराचे हात



१९६२ च्या ऑक्टोबरअखेर लडाखमधील चुशुलच्या धावपट्टीवर एक असाधारण कामगिरी पार पडली. हवाई दलाच्या ए. एन.-१२ विमानांनी २० लान्सर्स या रेजिमेंटचे ए. एम. एक्स.-१३ जातीचे हलके रणगाडे चंदीगडहून तेथे नेऊन उतरवले. धावपट्टी सुमारे ४,३०० मीटर उंचीवर. विमान सोव्हिएत, रणगाडा फ्रेंच. दोहोंचा मेळ घातला तो भारतीय वैमानिकांनी आणि तंत्रज्ञांनी.

रणगाड्याचे वजन सुमारे १५ टन आणि विमानाची वहनशक्ती सुमारे २० टन. कागदावर हा हिशेब सोपा दिसतो. परंतु रणगाड्याचा सारा भार विमानाच्या तळाच्या थोड्याशा जागेवर पडतो. तो पसरवावा लागतो. रणगाडा साखळदंडांनी जखडावा लागतो, कारण तो जरासा सरकला तरी विमानाचा तोल बिघडतो. शिवाय विरळ हवेत इंजिनांची शक्ती घटते आणि पंखांना आधार कमी मिळतो. चुशुल शत्रूच्या हाती पडले नाही, यात या रणगाड्यांचाही वाटा होता.

या पराक्रमाला मानवंदना द्यावी, पण त्यामागचा प्रश्न टाळू नये. ही जोखीम पत्करावी का लागली? मैदानी प्रदेशातून रणगाडे वेळेत पोचवील असा मार्ग हाताशी नव्हता म्हणून. सीमेवर रस्ते बांधण्यासाठी सीमा रस्ते संघटना स्थापन झाली ती १९६० साली, म्हणजे युद्धाच्या अवघी दोन वर्षे आधी. राज्यकर्त्यांच्या दिरंगाईची किंमत वैमानिकांच्या कौशल्याने चुकती केली.

पुढे विमाने मोठी झाली. १९८५ पासून आय. एल.-७६ आणि २०१३ पासून सी-१७ भारताच्या ताफ्यात आली. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात २० भारतीय सैनिकांना वीरमरण आले. त्यानंतर ६८,००० हून अधिक सैनिक आणि सुमारे ९० रणगाडे विमानांनी लडाखला नेण्यात आले, असे वृत्त संरक्षण सूत्रांच्या हवाल्याने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही क्षमता निःसंशय मोठी आहे. तथापि टी-९० रणगाड्याचे वजन सुमारे ४६ टन. तो उतरल्यानंतर त्याला लागणारे इंधन, दारूगोळा आणि सुटे भाग, तसेच जवानांचे धान्य व रॉकेल, हे सारे वर्षानुवर्षे विमानाने पुरवणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. विमान संकटाची घडी निभावून नेते. सीमा टिकते ती रस्त्यावर.

आणि हा रस्ता कोण बांधतो? झारखंडच्या दुमका भागातून, संथाळ परगण्यातून येणारे रोजंदारी मजूर. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे लडाखमध्ये अडकलेल्या अशा ६० मजुरांना झारखंड सरकारने विमानाने रांचीला आणले. पुढच्याच महिन्यात दुमक्याहून सुमारे १,६०० मजूर खास रेल्वेगाडीने पुन्हा लडाखच्या कामासाठी रवाना झाले. मजुरांची थेट नोंदणी व्हावी, वेतन मध्यस्थाच्या हाती न पडता त्यांच्या खात्यात जमा व्हावे, असा आग्रह त्या वेळी झारखंड सरकारला धरावा लागला. वस्तुतः स्थलांतरित मजुरांच्या संरक्षणाचा कायदा १९७९ सालीच झालेला होता. चार दशकांनंतरही असा आग्रह धरावा लागणे, हीच त्या कायद्याच्या अंमलबजावणीवरील टीका होय.

रणगाडा विमानात चढवताना त्याच्या वजनाचा किलोकिलोचा हिशेब होतो आणि तो व्हायलाच हवा. तेवढ्याच काटेकोरपणे त्या उंचीवर खडी फोडणाऱ्याच्या मजुरीचा, त्याच्या उबदार कपड्यांचा, औषधपाण्याचा आणि अपघातानंतरच्या भरपाईचा हिशेब का होऊ नये? संरक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलताना विमानांच्या किमतीची चर्चा रंगते. तिच्या शेजारी हा दुसरा हिशेबही दर वर्षी मांडला जावा, अशी मागणी लोकसभेत आणि लोकसभेबाहेर झाली पाहिजे. देशरक्षणाचा भार वाहणाऱ्यांत या मजुराची गणना होत नाही, तोवर तो हिशेब अपुराच राहील.