मायसेल्फ कुणाचा?

नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: 'टेल मी अबाउट युअरसेल्फ.' तालुक्याच्या कॉलेजातून आलेला आपला गणेश किंवा सलीम ताठ बसतो आणि म्हणतो, 'मायसेल्फ गणेश.' समोरच्या तिघांपैकी एक जण गालातल्या गालात हसतो.

व्याकरणापुरतं हसणाऱ्याचं बरोबर आहे. मायसेल्फ, युअरसेल्फ, हरसेल्फ ही आत्मवाचक सर्वनामं. त्यांना आधी कर्ता लागतो आणि क्रिया फिरून त्याच कर्त्यावर यावी लागते. 'आय कट मायसेल्फ' म्हणजे कापणारा मी, कापलं गेलं तेही मलाच. कापणारा दुसरा असेल, तर 'ही कट मी' म्हणायचं. तिथे मायसेल्फ चालत नाही. म्हणून गणेशनं 'आय ॲम गणेश' म्हणावं. शिकायला दोन मिनिटं पुरतात.

पण पोरगं ते आणतं कुठून, तेही बघा. प्रश्नात 'युअरसेल्फ' होतं, त्याचं त्यानं 'मायसेल्फ' केलं. शिवाय मराठीत 'मी गणेश' हे क्रियापदावाचून पुरं वाक्य आहे. चूक झाली खरी, पण डोकं चालवून झाली.

मला त्या चुकीपेक्षा बिनचूक इंग्रजीची जास्त धास्ती वाटते. 'ग्रूम युअरसेल्फ', 'प्रेझेंट युअरसेल्फ', 'कॅरी युअरसेल्फ वेल.' व्याकरण चोख! आज्ञार्थात लपलेला कर्ता 'तू'. करणारा तू, ज्याच्यावर करायचं तोही तूच. वजन तू उतरव, दात तू सरळ करून घे, रंग तू उजळ. इस्त्रीचा शर्ट आणि कापलेली नखं मागितली, तर माझी काही तक्रार नाही. पण जाहिरातीतल्या 'प्रेझेंटेबल' या एका शब्दात हातावरचं कोड, टक्कल, काळा रंग असं काहीही बसवता येतं. मग मुलगा घरी येऊन सांगतो, 'मीच कमी पडलो.' नको म्हणणारा तर टेबलापलीकडे बसला होता! ते 'ही कट मी'चं वाक्य. मुलानं घरी येईपर्यंत त्याचं 'आय कट मायसेल्फ' केलं.

आपली मराठीही यात मागे नाही. 'तो गबाळा दिसतो' म्हणताना दिसणारा कर्ता होतो आणि पाहणारा वाक्यातून गायब. 'तुम्ही मुसलमान वाटत नाही हो,' हे मला उभ्या आयुष्यात कितीदा ऐकवलं गेलं, आणि तेही कौतुकानं! वाटतंय त्यांना, कर्ता मात्र मी.

हाच खेळ अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात २००८ साली समांथा एलाऊफ नावाची सतरा वर्षांची मुलगी अबरक्रॉम्बी अँड फिच या कंपनीच्या कपड्यांच्या दुकानात नोकरी मागायला गेली. विक्रेत्यांचा हुद्दाच तिथे 'मॉडेल' होता, आणि त्यांनी कसं दिसावं याचं लेखी धोरण होतं. त्यात टोपीला मनाई. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला नोकरीपुरते गुण दिले होते. पण मुलीच्या डोक्याला काळा रुमाल होता. वरच्या साहेबांना विचारलं, ते म्हणाले, रुमाल धोरणात बसत नाही. मग तिचे दिसण्याचे गुण खाली आणले आणि नोकरी गेली. मुलगी तीच होती, रुमालही तोच. साहेबांचं मत आलं आणि तिचं 'दिसणं' बदललं.

कोर्टात कंपनीचा बचाव काय होता? रुमाल धर्मासाठी आहे आणि त्यापुरती सवलत हवी, असं तिनं स्वतः सांगितलंच नाही. बघा, आलं की नाही 'हरसेल्फ'! यात ते फक्त जोर द्यायला येतं, पण ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर. १ जून २०१५ रोजी आठ विरुद्ध एक मतानं न्यायालयानं तो बचाव फेटाळला. धार्मिक सवलत द्यावी लागू नये या हेतूनं नाकारलं असेल, तर मालकाला पक्की माहिती नव्हती ही सबब चालणार नाही, असं ठरलं. त्याच वर्षी कंपनीनं 'मॉडेल' हा हुद्दाही बदलला.

तिला वाचवलं ते मात्र धर्माच्या कलमानं. नाक नकटं म्हणून कुणी नाकारलं असतं, तर तिथल्या केंद्रीय कायद्यात रूपाचा वेगळा रकाना नाही. मिशिगन राज्यानं १९७६च्या कायद्यात उंची आणि वजन घातलं. न्यूयॉर्क शहरानं तेच करायला २०२३ उजाडलं.

आपल्याकडे राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास एवढी यादी आहे, आणि तीही सरकारी नोकरीपुरती. दिसणं त्यात नाही. चेहऱ्याचा उघड विचार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सापडतो. ॲसिड हल्ल्यानं विद्रूप झालेल्या व्यक्तीला त्यात दिव्यांग मानलं आहे. नुसत्या सावळ्या मुलीला किंवा स्थूल मुलाला कुठलं कलम दाखवायचं, असं मी एका वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, आधी 'दिसण्यावरून नाकारलं' असं लिहून देणारी कंपनी आणा.