साडेबावीस अंश

समोर बसलेल्यांपैकी बरेच जण डोंबिवली एमआयडीसीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामाला आहात, म्हणून पंपाच्या फ्लँजपासूनच सुरुवात करतो.

फ्लँजची भोकं चाराच्या पटीत असतात: 4, 8, 12. उभ्या मध्यरेषेवर भोक ठेवत नाहीत. रेषेच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर भोकं येतात. फिटरला हे सांगावं लागत नाही. संगणकाला सांगावं लागतं, आणि उमेदवारीच्या काळात मी ते सांगायला विसरलो. एका रसायन कारखान्यासाठी पंप आणि पाइप यांची असेंब्ली होती. फ्लँजचं तोंड फ्लँजला टेकवलं, अक्षावर अक्ष आणला. पडद्यावर एकही लाल खूण नाही. पाइप साइटवर पोचला तेव्हा आठ भोकांची ती फ्लँज साडेबावीस अंशांनी फिरलेली निघाली. पुढे एल्बो वेल्ड केलेला, त्यामुळे अख्खा पाइप फिरवायची सोय नव्हती. वेल्ड कापावा लागला.

झालं काय होतं? सुट्या पार्टला सहा मोकळिका असतात: तीन दिशांना सरकायचं, तीन अक्षांभोवती फिरायचं. तोंड टेकवलं की तीन जातात, अक्ष जुळला की आणखी दोन. सहावी, अक्षाभोवती फिरायची, माझ्याकडून राहून गेली. पार्ट मी जसा आणून टाकला तसाच बसून राहिला आणि ड्रॉइंगही त्याच कोनात निघालं. लाल न होणारी ही चूक मला सर्वांत घातक वाटते.

याच्या उलटही होतं. दोन प्लेट दोन डॉवेलांवर बसवायच्या आहेत. एकीत भोकांचं अंतर 60 मिलिमीटर, दुसरीत 60.02. पहिला अक्ष जुळतो, दुसरा जुळवताच सगळं लाल. टूलरूमवाल्यांनी यावर उपाय फार पूर्वीच काढलाय: फिक्स्चरमध्ये एक पिन गोल आणि दुसरी दोन बाजूंनी घासलेली, डायमंड. मॉडेलमध्येही तेच करा. दुसऱ्या भोकाचा अक्ष अक्षाला बांधू नका, फक्त दोन्ही भोकांच्या अक्षांतून जाणाऱ्या प्रतलात ठेवा. तेवढ्याने फिरणं थांबतं.

लाल झालेला मेट, म्हणजे दोन पार्ट जोडणारी अट, आधी पुसू नका. प्रोग्रॅम सगळ्या अटी एकत्र सोडवतो. भांडण कोणाकोणात आहे ते दाखवतो, चूक कोणाची ते त्याला कळत नाही. मेट पुसण्याऐवजी तात्पुरते बंद करा, अर्धे अर्धे करत. जे अर्धे बंद केल्यावर लाली जाते, त्यांतच शोधा.

आणखी एक दुखणं पुरवठादाराच्या फाइलचं. पंपाची सुधारित फाइल आली, जुनीच्या जागी ठेवली आणि वीस मेट तुटले, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. मेट एखाद्या गोलाव्याच्या कडेला बांधलेला असतो. नव्या फाइलमध्ये त्या कडेची ओळखच बदलते. म्हणून पार्टच्या आत स्वतःची प्रतलं आणि अक्ष काढून ठेवा, जिथून फिटर माप घेतो नेमके तिथून, आणि मेट त्यांनाच बांधा. भूमिती बदलली तर फक्त ती प्रतलं नव्या जागी न्यायची, मेट टिकतात.

ड्रॉइंग पाठवण्याआधी दोन मिनिटं द्या. प्रत्येक पार्ट माउसने धरून ओढा, फिरवून बघा. जो हलू नये तो हलला, तर फाइल त्या दिवशी पाठवू नका.