गाठीवरचे नाव आणि पाटीवरचे नाव
(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवात केलेले भाषण)



मी व्यापारी माणूस. बी.कॉम. झालो तो खतावणी नीट ठेवता यावी म्हणून. इतिहासाचा अधिकारी अभ्यासक मी नव्हे. तरीही गावांच्या बदललेल्या नावांवर बोलण्याची आज्ञा झाली, ती शिरोधार्य मानून उभा आहे.

बालपणी वडिलांच्या दुकानात कापडाच्या गाठी येत. गोणपाटावर काळ्या शाईने इंग्रजी अक्षरे उमटवलेली असत. मी ती लावून वाचीत असे : ब्रोच, बरोडा, शोलापूर. वडील हसून दुरुस्त करीत, "अरे, भरूच, वडोदरा, सोलापूर." साहेबाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले आणि कागदोपत्री तेच रूढ झाले. आमच्या घरात 'बॉम्बे' हा शब्द कोणी उच्चारल्याचे मला स्मरत नाही. माल मुंबईहूनच येई. 'बॉम्बे' फक्त बिलावर असे. म्हणून 1995 साली इंग्रजीतही मुंबई झाले तेव्हा आपण नवे काही शिकलो नाही, सरकारी कागदच आपल्या बोलण्यापर्यंत येऊन पोहोचला. 1996 मध्ये मद्रासचे चेन्नई झाले, 2001 मध्ये कलकत्त्याचे कोलकाता. मात्र 'चेन्नई चेक्स' मागणारे गिऱ्हाईक मला अद्याप भेटलेले नाही!

कापड नावे सोडीत नाही. कालिकत आज कोझिकोड आहे, पण त्याच्यावरून पडलेले 'कॅलिको' जगभर तसेच राहिले. अहमदाबादेत 1949 साली स्थापन झालेले वस्त्रसंग्रहालयही कॅलिकोच्याच नावाने ओळखले जाते.

2024 मध्ये राज्य विधिमंडळाने मुंबईतील काही उपनगरी स्थानकांची इंग्रजी नावे बदलण्याचा ठराव संमत केला. त्यात किंग्ज सर्कलला तीर्थंकर पार्श्वनाथ हे नाव सुचविले आहे. आपणा सर्वांना आनंद व्हावा अशीच ही गोष्ट. सँडहर्स्ट रोडला डोंगरी, हेही योग्यच. गव्हर्नरापेक्षा वस्तीचे नाव केव्हाही जवळचे. पण त्याच यादीत कॉटन ग्रीनचे काळाचौकी होणार आहे, आणि येथे मी अडखळतो. ते नाव इंग्रजी खरे, परंतु कोणा साहेबाचे नाही. ते कापसाचे आहे. कापसाच्या बाजाराची खूण पाटीवरून गेली तर आमच्या धंद्याची एक आठवण पुसली जाईल. कदाचित हा माझा व्यापारी मोह असेल.

आणि मूळ नाव तरी कोणते म्हणावे? इंग्रजांचे कॅम्बे म्हणजे आपले खंभात, आणि आपल्या प्राचीन ग्रंथांत तेच स्तंभतीर्थ. भरूचच्या मागेही भृगुकच्छ उभे आहेच.

आता एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या दुकानाच्या नावात 'बॉम्बे' शब्द होता. मुंबईचे नाव बदलले तेव्हा वडिलांनी हौसेने पाटी रंगवून 'मुंबई' केले, परवानाही बदलून घेतला. एक मुदत ठेव तेवढी जुन्या नावावर राहिली. ती पाठशाळेसाठी या ट्रस्टला द्यावी असा त्यांचा संकल्प होता. मुदत पुरी झाल्यावर बँक म्हणाली, ही पेढी वेगळी आणि ती पेढी वेगळी. प्रतिज्ञापत्र झाले, अर्ज झाले, पुन्हा अर्ज झाले. अकरा महिने गेले. नवव्या महिन्यात वडिलांनी देह ठेवला. बँकेचा दोष मी धरीत नाही. नियम तिलाही होते, आणि ठेवीचा कागद बदलायला आम्हीच विसरलो होतो.

म्हणून विश्वस्तांना एवढीच विनंती. पन्नास वर्षांपूर्वीची आपली कागदपत्रे एकदा काढून पाहावीत. ज्या 1950 च्या कायद्याखाली आपली नोंदणी झाली, त्याच्या नावातील 'मुंबई'चेही आता 'महाराष्ट्र' झाले आहे. जेथे जुने नाव असेल तेथे नव्याची जोड द्यावी, जुने खोडू नये.

वडिलांची ती रक्कम अखेर मी आणून दिली. तेव्हाच्या चिटणीस काकांनी पावतीवर पेढीचे नाव 'मुंबई' असे लिहिले, क्षणभर थांबले आणि कंसात 'बॉम्बे' लिहिले. ती पावती आजही माझ्या तिजोरीत आहे.

जय जिनेंद्र.