दोन सेकंदांची साधना

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



ज्या शाळेच्या हजेरीपटावर कधीकाळी आपले नाव होते, त्याच शाळेच्या व्यासपीठावर उभे राहताना मन भरून येते. महाराष्ट्रापासून दूर, माळव्यातल्या या इंदूर शहरात साठ वर्षे मराठी शाळा चालवणे ही लांब पल्ल्याचीच शर्यत आहे. या शर्यतीत सुरुवातीला टाळ्या वाजतात, शेवटी टाळ्या वाजतात. मधला सारा रस्ता मात्र मुकाट्याने कापावा लागतो. म्हणून संयोजकांनी जेव्हा मला लांब अंतर धावण्याची आपली वेळ कशी सुधारावी, या विषयावर बोलण्यास सांगितले, तेव्हा तो विषय या समारंभाला परका वाटला नाही.

आपल्या शाळेचे मैदान आठवते ना? काळी माती. पावसाळ्यात ती बुटांना अशी चिकटे की प्रत्येक पायाला शेरभर वजन चढे, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडत. त्या मैदानावर आमचे क्रीडाशिक्षक फक्कीने दोनशे मीटरची लंबगोल धाव आखीत. त्यांच्यापाशी एकच थांबते घड्याळ होते. शर्यत संपली की पहिला आलेल्याचे नाव ते मोठ्याने पुकारीत. पण नंतर वही काढून शेवटी आलेल्या मुलाचीही वेळ लिहून घेत. मी बहुधा शेवटच्या तिघांत असे. एकदा ते मला म्हणाले, ‘‘तू आज नववा आलास, पण मागल्या महिन्यापेक्षा चौदा सेकंद लवकर आलास. हे चौदा सेकंद कुणाकडून हिसकावून घेतलेले नाहीत, तुझे आहेत.’’ धावण्याविषयी मला जे कळले, त्याचे बीज त्या एका वाक्यात आहे.

धावपटूच्या भाषेत याला वैयक्तिक सर्वोत्तम वेळ म्हणतात. पदक हे शेजारी कोण धावतो आहे यावर अवलंबून असते; ही वेळ मात्र केवळ आपली असते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच भाषेच्या एका सुपुत्राने घालून दिले आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा, शेतकऱ्याच्या घरातला अविनाश साबळे पुढे सैन्यात भरती झाला आणि तेथे 3000 मीटर स्टीपलचेस या शर्यतीकडे वळला. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. गोपाळ सैनी यांचा 1981 सालचा 8 मिनिटे 30.88 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम सदतीस वर्षे अबाधित होता. 2018 साली भुवनेश्वरला साबळेने तो मोडला : 8 मिनिटे 29.80 सेकंद. म्हणजे जेमतेम एक सेकंद. त्यानंतर 2019 साली दोहा येथे 8 मिनिटे 21.37, 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये 8 मिनिटे 18.12, 2022 साली बर्मिंगहॅमला 8 मिनिटे 11.20 आणि 2024 साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटे 9.91.

विद्यार्थी मित्रांनो, या आकड्यांची वजाबाकी घरी जरूर करा. सहा वर्षांत वीस सेकंदांहून किंचित कमी. त्यातही बर्मिंगहॅम ते पॅरिस या जवळजवळ दोन वर्षांत केवळ 1.29 सेकंद. माणूस जितका पुढे जातो, तितका पुढचा सेकंद महाग होत जातो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. टोकियोत साबळेने आयुष्यातील तोवरची सर्वोत्तम वेळ नोंदवली, राष्ट्रीय विक्रम केला, आणि तरीही तो अंतिम फेरीत पोहोचला नाही. त्या दिवशी तो हरला की जिंकला? दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी मनात बाळगता येणे हेच खेळाचे शिक्षण आहे.

आता ही वेळ सुधारते कशी, ते पाहू. प्रथम गणित. एखादी मुलगी 3000 मीटर अंतर 12 मिनिटे 30 सेकंदांत धावते असे समजू. आपल्या दोनशे मीटरच्या मैदानावर हे पंधरा फेरे होतात. म्हणजे फेरीला पन्नास सेकंद. तिला 12 मिनिटांत यायचे असेल, तर फेरीला अठ्ठेचाळीस सेकंद लागले पाहिजेत. अर्धे मिनिट ऐकून छाती दडपते. फेरीमागे दोन सेकंद म्हटले की काम आवाक्यातले वाटू लागते. मोठे ध्येय फेऱ्यांत वाटून घ्यावे, ही पहिली शिकवण.

दुसरी शिकवण नवशिक्यांना पटत नाही, आणि मलाही पुष्कळ वर्षे पटली नव्हती. वेगाने धावण्यासाठी बहुतांश दिवस सावकाश धावावे लागते. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल, धाप लागून शब्द तुटणार नाहीत, इतका तो वेग असावा. अशा धावण्याने हृदय दर ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. ही सगळी कामे शरीर निमूटपणे, आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने करते. आठवड्यातील पाच दिवस धावत असाल, तर त्यांतले तीन दिवस असे निवांत असावेत.

उरलेल्या दोन दिवसांपैकी एका दिवशी वीसेक मिनिटे ‘कष्टाचा पण स्थिर’ वेग ठेवावा. तासभर कसाबसा टिकवता येईल असा हा वेग असतो. यात दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी तुकड्यांचा सराव करावा : चारशे मीटर वेगात, मग दोन मिनिटे हळूहळू चालत-पळत दम घेणे, पुन्हा चारशे मीटर, असे सहा ते आठ वेळा. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 5000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके मिळवणारा चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक हा अशा तुकड्यांच्या सरावासाठी विख्यात होता. मात्र त्याचे आकडे पाहून त्याची नक्कल करू नये. एकूण अंतर हळूहळू वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे.

आणि येथे मला माझी एक चूक आपल्यासमोर कबूल करायची आहे. ती सांगितल्यावाचून मी खाली बसलो, तर हे भाषण अर्धसत्य ठरेल.

तरुणपणी मी दुसऱ्या एका गावी एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. तेथे एक विद्यार्थिनी होती. शांत, सोशिक, सांगितलेले सारे करणारी. मघाशी मी जे बारा मिनिटे तीस सेकंदांचे उदाहरण दिले, ते तिचेच. नोव्हेंबरच्या जिल्हा स्पर्धेत तिने बारा मिनिटांच्या आत यावे, असे मी ठरवले. मी ठरवले; तिने नव्हे. मी तिला रोज वेगात पळवू लागलो. निवांत दिवस मला आळसाचे वाटत. महिनाभर वेळ झपाट्याने उतरली आणि माझी मान ताठ झाली. मग वेळ थांबली. मी सराव आणखी वाढवला.

सप्टेंबरात ती एकदा म्हणाली, ‘‘सर, नडगी थोडी दुखते आहे.’’ मी म्हणालो, ‘‘थोडे दुखणारच.’’ पुढच्या आठवड्यात ती काही बोलली नाही. सोशिक मूल दुसऱ्यांदा सांगत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ऑक्टोबरात एका सकाळी ती चौथ्या फेरीत बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट दाबताच ती कळवळली. सततच्या ताणाने हाडाला बारीक तडा गेला होता. डॉक्टरांनी मला दोन प्रश्न विचारले : ही सकाळी काय खाऊन येते? आणि हिची मासिक पाळी नियमित आहे का? मला पहिल्याचेही उत्तर देता आले नाही. तिची आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, ‘‘सर, ती सकाळी चहासुद्धा न घेता येते हो. उशीर झाला तर तुम्ही रागवाल म्हणून.’’

मित्रहो, माझ्या वहीत तिच्या प्रत्येक फेरीची वेळ होती. तिने काय खाल्ले, ती किती झोपली, कुठे दुखते, यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

शास्त्र सांगते ते असे : सरावाने शरीर मोडते आणि विश्रांतीत ते अधिक मजबूत बांधले जाते. पुरेसे अन्न आणि झोप नसेल तर मोडणे चालू राहते आणि बांधणे थांबते. वाढत्या वयाच्या मुलींत अपुऱ्या आहारामुळे पाळी अनियमित होणे हा हाडांवरील संकटाचाही इशारा असतो; लोह कमी पडले तर रक्तातून प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि कितीही पळवले तरी वेळ सुधारत नाही. पालकांनी आणि शिक्षकांनी याविषयी संकोच न करता विचारावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सरावापूर्वी केळे किंवा चार घास पोहे, नंतर डाळ, उसळ, भाकरी, पालेभाजीवर लिंबू आणि रात्री आठ-नऊ तास झोप. यांच्यावाचून कुठलाही सराव फळत नाही.

पुढे मी वाचले की हा धडा थोरामोठ्यांनाही गिरवावा लागला होता. इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर वैद्यकीय शिक्षण घेता घेता एक मैल चार मिनिटांच्या आत धावण्याची तयारी करीत होता. तो आणि त्याचे सहकारी पाव मैलाच्या दहा धावा, मध्ये दोन-दोन मिनिटे थांबून, असा सराव करीत. 1954 सालच्या वसंतात त्यांची वेळ एकसष्ट सेकंदांवर अडून बसली. त्यांनी काय केले? सराव सोडून काही दिवस ते स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला निघून गेले. परतल्यावर तेच अंतर ते एकोणसाठ सेकंदांत धावू लागले. त्यानंतर काही दिवसांतच, 6 मे 1954 रोजी, ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर 3 मिनिटे 59.4 सेकंद या वेळेचा इतिहास घडला. अडलेले घड्याळ विश्रांतीने सुटले होते. माझेही घड्याळ अडले होते; मी मात्र त्याला चाबूक मारीत राहिलो.

त्या मुलीने दोन महिने धावणे बंद ठेवले. मी तिच्या घरी जाऊन तिची आणि तिच्या आईची क्षमा मागितली. शिक्षकाने क्षमा मागावी याचे त्या माउलीला अवघड झाले. तिने मला बसवून पोहे खाऊ घातले. मग मुलगी पुन्हा मैदानावर आली. आधी चालणे, मग चालण्यात मिसळलेले पळणे, मग निवांत धावणे. वहीत मी नवे रकाने पाडले : झोप, न्याहारी, दुखणे. ते रकाने ती स्वतः भरी. वेगाचा सराव आठवड्यातून दोनदाच. स्पर्धेपूर्वीच्या शेवटच्या दहा दिवसांत आम्ही अंतर निम्मे केले. थोडासा वेगाचा सराव तेवढा ठेवला.

पुढल्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तिला एकच गोष्ट सांगितली : पहिल्या फेरीत सगळे पुढे जातील, जाऊ दे. सुरुवातीच्या उत्साहात उधळलेला दम शेवटी व्याजासकट फेडावा लागतो. ती पहिल्या फेरीअखेर नववी होती. दहाव्या फेरीला सहावी. शेवटी ती चौथी आली. पदक हुकले. मी घड्याळ तिच्या हातात दिले. 11 मिनिटे 56 सेकंद. ती आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, पाय दुखत नाहीये.’’ आजवर मी पुष्कळ चषक पाहिले. पण त्या वाक्याइतके मोलाचे पारितोषिक मला मिळाले नाही.

आज येथे बसलेल्या मुलामुलींनो, तुमच्यापैकी फार थोडे जण पदके मिळवतील. परंतु कालच्या स्वतःपेक्षा दोन सेकंद पुढे जाणे सर्वांना शक्य आहे. त्यासाठी वही ठेवा, ती खरी लिहा, आणि दुखले तर दुसऱ्यांदाही सांगा, तिसऱ्यांदाही सांगा. शिक्षक आणि पालकांना माझी विनंती एवढीच की मुलाने ‘थोडे’ म्हटले तरी ते पुरते ऐका.

आणि शाळेच्या चालकांना काय सांगावे? साठ फेरे तुम्ही पार पाडले आहेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळा वेगाने पुढे जाताना दिसतात, पटसंख्येची चिंता असते, हे आम्ही माजी विद्यार्थी जाणतो. त्यांच्या वेगाने धावू नका. आपल्या दमाने धावा. धाप लागली तर आम्हांला हाक मारा. फेरीमागे दोन सेकंदांचा भार आम्हीही उचलू. ज्या मैदानाने नवव्या आलेल्या मुलाचीही वेळ लिहून ठेवली, त्याचे इतके ऋण तर आमच्यावर आहेच.