अंगावर काढलेल्या तापाची नोंद कोण घेणार?

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत कोरोनाचे रुग्ण झपाट्याने वाढले. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, की महाराष्ट्रातल्या सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत विषाणूमधले दोन विशिष्ट बदल दिसले आहेत. याच कुळातल्या एका विषाणूला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ हे नाव दिलं. त्याने केलेला कहर आपण सगळ्यांनी पाहिला.

हे बदल कसे कळतात? विषाणूची जनुकीय माहिती म्हणजे सुमारे ३०,००० अक्षरांची पोथी. तिची नक्कल होताना चुका होतात. बाधित नमुन्यांपैकी काही नमुन्यांची ही पोथी प्रयोगशाळेत वाचतात आणि कोणतं रूप कुठे वाढतंय ते मोजतात. या कामासाठी डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं.

पण आपला सवाल साधा आहे: नमुना कुणाचा? तपासणीला जायचं तर रोज बुडतो, रिक्षाला पैसे लागतात, घरी पोरं कुणी बघायची? बाई ताप अंगावर काढते. अंगावर काढलेल्या तापाचा नमुना नसतो. मग तिच्या वस्तीत कोणता विषाणू फिरतोय, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

यावर एक उपाय सांडपाण्याचा. विष्ठेतूनही विषाणू बाहेर पडतो, म्हणून सांडपाणी तपासलं की वस्तीचा अंदाज येतो. मुंबईत पोलिओसाठी ही तपासणी २००१ पासून सुरू झाली. सांडपाणी कुणाचं नाव विचारत नाही, नवऱ्याची परवानगीही मागत नाही. पण जिथे गटारच नाही, बाईला अंधारात उघड्यावर जावं लागतं, तिथलं काय?

तिथे दारापर्यंत पोचली ती आशा. घरोघरचा ताप तिनेच नोंदवला. आणि मानधनासाठी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला! साथीवरच्या पाळतीची पहिली कडीच अशी अर्ध्या पोटी राबते.

म्हणून आपण मागू या: प्रत्येक अहवालात नमुने किती बायकांचे आणि कोणत्या वस्त्यांतले, ते सांगा. तपासणी वस्तीत आणा. आशांना कामाचा पुरता मोबदला द्या. पुढची साथ येण्याआधी हे व्हायला हवं.