पडता काळ आणि घरचे सोने

पगार निम्म्यावर आला, दुकान चार महिने बंद राहिले अथवा नोकरीच सुटली, म्हणजे पहिल्या महिन्यात शिल्लक संपते, दुसऱ्या महिन्यात वाण्याचे खाते फुगते, आणि तिसऱ्या महिन्यात कर्त्या पुरुषाची दृष्टी पत्नीच्या बांगड्यांकडे वळते. त्यापुढे काय करावे याविषयी मराठी समाजात दोन मते आहेत. सोने म्हणजे लक्ष्मी, ती घराबाहेर काढू नये, असे एक मत. सोने अडीनडीसाठीच असते, असे दुसरे. वाद मोठा चालतो. परंतु सोने मोडून अथवा गहाण ठेवून आलेला पैसा कोणत्या देण्यात घालावा, ह्याचा विचार दोन्ही पक्ष क्वचितच करतात. घर पुन्हा सावरते की नाही हे बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

ह्याचे मोठे प्रत्यंतर १९३१ साली आले. १९२९ पासून जगभर शेतमालाचे भाव कोसळत होते. कापूस व भुईमूग पिकविणाऱ्याच्या हाती निम्मी रक्कम येऊ लागली. सावकाराच्या खतावरील आकडा मात्र जेथल्या तेथे राहिला. शंभर रुपयांचे देणे फेडण्यास पूर्वी जितका माल विकावा लागे, त्याच्या जवळजवळ दुप्पट आता विकावा लागे. म्हणजे एक पैसाही नवा न घेता कर्ज दुणावले! अशा वेळी २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णचलनाचा त्याग केला. रुपया पौंडाला जखडलेला असल्याने त्याचीही सोन्यातील किंमत उतरली, आणि २१-२२ रुपये तोळ्याचे सोने काही महिन्यांत ३० रुपयांच्या घरात गेले. खेडोपाडीच्या पाटल्या, गोठ व पुतळ्यांच्या माळा सराफांच्या मुशीत वितळल्या आणि लगडींच्या रूपाने मुंबई बंदरातून परदेशी रवाना झाल्या. हा ओघ पुढे कित्येक वर्षे वाहत होता. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत ह्याला विपत्तीचे सोने म्हणतात.

ज्याने चढ्या भावात सोने विकून सावकाराचे खत फाडून घेतले, त्याचे दागिने गेले, पण व्याजही गेले. ज्याचे सोने शेतसाऱ्यात आणि दाणागोट्यात संपले, त्याचे दागिने गेले आणि खत उरले. सारा रोखीनेच भरावयाचा असल्याने पुष्कळांना दुसरी वाटच नव्हती; त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याला थोडी जरी निवड करता येते, त्याने ती डोळे मिटून का करावी?

२०२० सालच्या टाळेबंदीत हाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. त्या वर्षी २७ मार्च रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने लांबणीवर टाकण्याची मुभा दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. अनेक घरांत ही सूट म्हणजे माफी असा समज झाला. हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते. द. सा. द. शे. १२ दराच्या एक लाखाच्या कर्जावर सहा महिने काहीच न भरल्यास, मासिक चक्रवाढीने, ते एक लाख सहा हजार एकशे बावन्न होते. ज्याच्याकडे खरोखरच पैसा नव्हता, त्याला ही मुभा संजीवनीसारखी होती; ज्याच्याकडे होता आणि तरीही ज्याने हप्ता थांबविला, त्याने सवलत विकत घेतली. त्याच ऑगस्टमध्ये सोन्याच्या किमतीच्या शेकडा ७५ ऐवजी ९० पर्यंत कर्ज देण्याची परवानगी बँकांना ३१ मार्च २०२१ पर्यंत मिळाली. कपाटातील सोने पुन्हा बाहेर आले. ह्या वेळी मुशीत न जाता बँकेच्या तिजोरीत गेले.

सोने गहाण टाकणे शहाणपणाचे की घातक, हे दोन दर शेजारी मांडल्यावाचून कळत नाही. शेकडा ९ च्या गृहकर्जाचा हप्ता भरण्यासाठी शेकडा १२ ने सोने तारण ठेवणारा गृहस्थ, दुसरा मार्ग असता, तोट्याचाच व्यवहार करीत असतो. उलट क्रेडिट कार्डाची थकबाकी घ्या. तिच्यावर दरमहा साडेतीन टक्के आकार लागत असेल, तर चक्रवाढ न धरताही तो वर्षाला शेकडा ४२ होतो. पठाणी व्याजाच्या गोष्टी सांगून हसणारी सुशिक्षित मंडळी हा दर मुकाट्याने देतात, कारण तो महिन्याच्या मापाने लहान दिसतो. तीच गत सरसकट व्याजाची. दहा हजार रुपये वर्षभराच्या समान हप्त्यांनी, व्याज ‘फक्त १२ टक्के’, असे दुकानदार सांगतो. परंतु मुद्दल महिन्यागणिक घटत असता व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर आकारले जाते, आणि खरा दर २१-२२ टक्क्यांवर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्था यांना नव्या किरकोळ कर्जाबरोबर सर्व खर्चासह वार्षिक दर सांगणारे पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले. सहीपूर्वी ते वाचणारे किती, हा भाग निराळा.

दागिने कोणाचे, हेही विसरता कामा नये. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी अथवा बंदिवास ह्या प्रसंगी घेतलेले स्त्रीधन पतीने परत केलेच पाहिजे असे नाही, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली निराळे सांगितले: स्त्रीधन ही पत्नीचीच मालमत्ता, पतीने संकटात ते वापरले तरी परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य. तेव्हा वहीत देणी मांडावयाची ती दोघांनी बसून, आणि होकार मिळाल्यावाचून बांगड्यांना हात लावू नये. पत्नीला फक्त हप्त्याचा आकडा सांगून दर लपविणारे गृहस्थ पुष्कळ आहेत.

श्रोत्यांपैकी ज्यांना हिशेबाची आवड असेल, त्यांनी तो पडताळून पाहावा. कार्डाची थकबाकी पन्नास हजार, तिच्यावर वर्षाचा आकार एकवीस हजार, म्हणजे दरमहा १,७५० रुपये केवळ व्याजापोटी. मुद्दल तसूभर हलत नाही. दोघांच्या संमतीने बांगड्या शेकडा १२ ने तारण ठेवून ती थकबाकी एकरकमी फेडली, कार्ड कात्रीने कापले, आणि तेच १,७५० रुपये, मुदत संपेल तेव्हा कर्ज नवे करून, दरमहा सोन्याच्या कर्जात भरले, तर चौतिसाव्या महिन्यात कर्ज फिटते आणि बांगड्या घरी येतात.